‘सी, डोक्तोर’च्या पुढे: स्पॅनिश बोलणारे पालक, मुलाचा कॅन्सर आणि डॉक्टरांशी बोलणं

डॉक्टर चाळीस मिनिटं बोलले. आई प्रत्येक वाक्याला मान हलवून ‘सी, डोक्तोर’, म्हणजे ‘हो, डॉक्टर’, म्हणत होती. शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारल्यावर ‘नो, ग्रासिआस’, नाही, धन्यवाद. बाहेर आल्यावर तिनं माझी, म्हणजे तिच्या दुभाष्याची, बाही धरली. ‘पोराच्या पाठीचा कणा बदलणार आहेत का? मग तो परत चालेल ना?’

डॉक्टरांनी बोन मॅरोबद्दल, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजाबद्दल, सांगितलं होतं. मी ‘मेदुला ओसेआ’ असं त्याचं बरोबर भाषांतर केलं होतं. पण स्पॅनिशमध्ये ‘मेदुला’ हाच शब्द पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूलाही वापरतात. तिच्या कानात तेवढाच शब्द राहिला, आणि पुढचा सगळा वेळ ती मुलगा पांगळा होण्याचं चित्र डोळ्यांपुढे आणत बसली होती. मी तिला उत्तर दिलं नाही, कारण ते माझं काम नव्हे. तिला घेऊन परत आत गेले आणि तोच प्रश्न डॉक्टरांसमोर विचारायला लावला. दहा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

पुण्यात शिकलेल्या स्पॅनिशवर मी टेक्सासमध्ये रुग्णालयांत दुभाष्याचं काम करते, बरंचसं मुलांच्या कॅन्सर विभागात. इथे रेसिडेन्सी करणारे, नर्सिंगमध्ये असलेले, फार्मसीत काम करणारे अनेक मराठी लोक भेटतात. शेजारच्या मेक्सिकन किंवा ग्वाटेमालाच्या कुटुंबाला गाडीतून रुग्णालयात नेणारेही असतात. त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. (घटनांतले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुळं असलेल्या लोकांची, लोकसंख्या ६ कोटी २१ लाख होती. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. अमेरिकेत तो हिस्पॅनिक मुलांत इतर सर्व गटांपेक्षा अधिक होतो, आणि त्यातून वाचण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कमी आहे. याचं एक कारण जनुकांत आहे. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांच्या वंशातून आलेले काही जनुकीय फरक धोका वाढवतात. त्यावर तुमचा-माझा इलाज नाही. पण आईबापांना काय कळलं, घरी औषध कसं दिलं गेलं आणि ताप आल्यावर फोन किती लवकर झाला, हे बोलण्यावर ठरतं.

१. घरात कोणती भाषा बोलता, हे विचारा

आडनाव गार्सिया म्हणून दुभाषी बोलावू नका. हिस्पॅनिक म्हणवणारे कितीतरी लोक इथेच जन्मलेले असतात आणि त्यांना स्पॅनिश धड येत नाही. उलट ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या आईची भाषा माम किंवा किचे असू शकते, मेक्सिकोतल्या ओहाकाहून आलेल्या बापाची मिश्तेक किंवा सापोतेक. त्यांची स्पॅनिश बाजारापुरती असते. ‘ल्युकेमिया’, ‘संमती’ असे शब्द त्यात बसत नाहीत. आपल्याकडे मेळघाटातल्या कोरकू आईशी पुस्तकी मराठीत बोलावं, तसं ते होतं. अशा वेळी दोन दुभाषी लागतात: इंग्रजीतून स्पॅनिश आणि स्पॅनिशमधून माम. वेळ दुप्पट लागतो, तो आधीच धरून ठेवा.

प्रश्न असा विचारा: ‘डॉक्टरांशी मुलाच्या आजाराबद्दल बोलायला तुम्हाला कोणती भाषा सगळ्यात सोपी जाईल?’ ‘इंग्रजी येतं का?’ असं विचारलंत तर लाजेखातर ‘थोडं थोडं’ असं उत्तर येतं, आणि फाइलवर ‘इंग्रजी’ अशी खूण पडते. ती खूण उपचारांची पुढची दोन-अडीच वर्षं त्या कुटुंबाला छळते.

२. दुभाषी हा हक्क आहे, उपकार नाही

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टचं, म्हणजे आरोग्यविम्याच्या कायद्याचं, कलम १५५७ यांमुळे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला पात्र दुभाषी मोफत द्यावाच लागतो. अमेरिकेतलं जवळपास प्रत्येक रुग्णालय यात येतं. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्षांचा आदेश निघाला, तेव्हा अनेक आया घाबरून विचारायला लागल्या की आता दुभाषी मिळणार नाही का. त्या आदेशाने हे दोन्ही कायदे रद्द झालेले नाहीत. हाच हक्क मराठीलाही आहे. देशातून नातवाच्या आजारपणात आलेल्या आजीसाठी फोनवर मराठी दुभाषी मागता येतो, हे इथल्या आपल्याच कित्येक लोकांना ठाऊक नसतं.

कुटुंबाला एक वाक्य कागदावर लिहून द्या आणि दोन-चारदा म्हणून घ्या: ‘आय नीड अ स्पॅनिश मेडिकल इंटरप्रिटर.’ ‘पण तुम्हाला तर इंग्रजी येतं की’ असं कोणी म्हणालं तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, शांतपणे.

आणि मुलांना दुभाषी करू नका. जीव धोक्यात असेल आणि क्षणात दुसरं कोणी मिळत नसेल, एवढाच अपवाद. मी बारा वर्षांच्या मुलीला आपल्या धाकट्या भावाचा रिपोर्ट आईला सांगताना पाहिलं आहे. ती मधलं एक वाक्य गिळून गेली. कोणतं, हे तिला आणि मलाच कळलं. भाषांतराच्या चुका किती होतात याचा एक अभ्यास २००३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला होता. मुलांच्या डॉक्टरांकडच्या १३ भेटींत ३९६ चुका सापडल्या. आयत्या वेळी उभं केलेलं माणूस भाषांतर करत असेल तर त्यातल्या ७७ टक्के चुका उपचारावर परिणाम करू शकतील अशा होत्या, रुग्णालयाच्या दुभाष्यांच्या बाबतीत ५३ टक्के. दुसरा आकडाही छोटा नाही. म्हणून दुभाषी आला म्हणजे झालं, असं मानू नका.

फोन आणि व्हिडिओवरचे दुभाषी रोजच्या तपासणीला चालतात. पण निदान सांगताना, संमती घेताना, आजार उलटल्याचं सांगताना आणि शेवटच्या दिवसांबद्दल बोलताना माणूस खोलीत हवा. टॅब्लेट रडणाऱ्या आईला पाण्याचा ग्लास देत नाही.

३. आत जाण्याआधीची दोन मिनिटं

डॉक्टरांनो, दुभाष्याला दारातच सांगा: आज काय सांगायचं आहे, बातमी वाईट आहे का, कोणते अवघड शब्द येणार आहेत. तयारी नसताना ‘रिलॅप्स’, म्हणजे आजार उलटला, हा शब्द कानावर पडला तर माझाही आवाज अडखळतो, आणि आई माझ्या आवाजावरून सगळं ओळखते.

खोलीत दुभाषी पालकांच्या शेजारी किंचित मागे बसावा. बोलताना डोळे आईबापांकडे. ‘हिला सांगा की…’ असं म्हणू नका, थेट त्यांच्याशी बोला. दोन वाक्यं, मग थांबा.

थोडीफार स्पॅनिश येत असेल तर नमस्कारासाठी जरूर वापरा, पण ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणा. इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये तू आणि तुम्ही दोन्ही बुडून जातात, आपल्याला मात्र तो फरक समजावून सांगावा लागत नाही. चाळिशीच्या बापाला पहिल्याच भेटीत कोणी तरुण डॉक्टरने ‘तू’ म्हटलं तर तो काही बोलणार नाही. तो नंतरही काही बोलणार नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

४. पहिली मोठी बैठक

सगळ्यात आधी विचारा: ‘आणखी कोणाला बोलवायचं आहे?’ या घरांत निर्णय बहुतेकदा एकटी आई घेत नाही. आजी असते, मुलाची धर्ममाता असते, मेक्सिकोत राहिलेला मोठा काका असतो. बाप बांधकामावर किंवा शेतावर असतो आणि रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी जाते. त्याला फोनवर घ्या, किंवा बैठक संध्याकाळी ठेवा. ‘वडील येतच नाहीत’ असा शेरा फाइलवर लिहिण्याआधी त्यांना किती वाजता जमतं हे विचारलंत का?

एक गोष्ट चुकूनही विचारू नका: कागदपत्रं आहेत का, इमिग्रेशनचं काय. उपचार ठरवायला डॉक्टरला ते लागत नाही, आणि फाइलवरही ते लिहू नये. विमा, मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा) यांचे प्रश्न सोशल वर्करकडे जाऊ द्या. त्या एका प्रश्नानंतर पुढच्या तारखेला न आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

मग ज्ञान देण्याऐवजी ऐका: ‘आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय? तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं?’ इथे कान देऊन ऐकलं तर अपराधाची भावना बाहेर येते. एका आईला वाटत होतं की गरोदरपणात तिला बसलेला ‘सुस्तो’, म्हणजे जबर धसका, मुलाच्या रक्तात उतरला. ‘यात तुमचा काही दोष नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून, तिच्या भाषेत, पहिल्याच दिवशी यायला हवं. कोणी विचारलं नाही तरी.

निदान सांगताना तीनच गोष्टी सांगा: आजाराचं नाव, उपचार आहेत की नाही, आणि या आठवड्यात काय होणार. बाकीचं उद्या. ल्युकेमियाचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो, म्हणजे बोलायला वेळ पडला आहे.

शेवटी ‘काही प्रश्न आहेत का?’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं, असं मानणाऱ्या घरात ही माणसं वाढली आहेत. आपल्या गावाकडच्या आजोबांना आठवा, म्हणजे लगेच कळेल. त्याऐवजी ‘तुमचे कोणते प्रश्न आहेत?’ असं विचारा, ‘के प्रेगुंतास तिएने?’, आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या अंकाला पहिला प्रश्न येतो.

मग समजलं का, हे तपासा, पण परीक्षा घेतल्यासारखं नको. ‘मी नीट सांगितलं की नाही हे मला बघायचंय. घरी गेल्यावर आबुएलाला, म्हणजे आजीला, तुम्ही काय सांगाल?’ आई आजीला सांगायचं तसं बोलू लागली की कुठे धागा तुटला ते दिसतं.

५. फसवे शब्द

दुभाषी कितीही चांगला असला तरी काही शब्द घात करतात. ही यादी मी माझ्या वहीत ठेवते.

‘मेदुला’ वर आलाच आहे. उपाय सोपा: हाडाचं चित्र काढा आणि आतला भाग रंगवा.

‘एस्तुदिओ’. क्लिनिकल ट्रायलला, म्हणजे रुग्णांवर उपचार पारखून बघणाऱ्या चाचणीला, स्पॅनिशमध्ये ‘एस्तुदिओ क्लिनिको’ म्हणतात, पण मेक्सिकन घरात ‘एस्तुदिओस’ म्हणजे रक्ताच्या, एक्स-रेच्या तपासण्या. बाप सही करतो ती तपासणीसाठी, असं समजून.

‘ओस्पिसिओ’. हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांतली देखभाल. त्याच्यासारखाच ऐकू येणारा हा शब्द मेक्सिकोत अनाथाश्रमाला वापरला जात आला आहे. ‘तुमच्या मुलीला ओस्पिसिओत…’ असं ऐकून आई उठून उभी राहते, यात नवल काय?

‘ओन्से’. औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत ‘वन्स’ लिहिलेलं असतं. तीच चार अक्षरं स्पॅनिशमध्ये वाचली तर ‘ओन्से’, म्हणजे अकरा. ल्युकेमियात मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच द्यायच्या असतात, आणि त्या रोज दिल्या गेल्या तर जीव जाऊ शकतो. म्हणून लेबल स्पॅनिशमध्ये छापून मागा. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात फार्मसींसाठी याचे कायदे आहेत. इतर ठिकाणीही मागितलं तर पुष्कळदा मिळतं.

‘इन्तोक्सिकादो’. हा शब्द कॅन्सरचा नाही, पण दुभाष्यांच्या प्रत्येक वर्गात शिकवला जातो. १९८० मध्ये फ्लोरिडात बेशुद्ध पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाबद्दल क्युबन घरच्यांनी हा शब्द वापरला. त्यांना म्हणायचं होतं की खाण्यातून काहीतरी बाधलं. ऐकणाऱ्यांनी नशा केली असा अर्थ घेतला आणि उपचार त्या दिशेने गेले. खरं तर मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

आणि ‘रेमिसिओन’. रेमिशन म्हणजे तपासणीत आजार दिसत नाही, एवढंच. पालकांना तो ‘बरा झाला’ असा ऐकू येतो. पहिल्या महिन्यानंतर ही गोड बातमी येते, आणि मग पुढची दोन वर्षं औषध कशाला, हा प्रश्न घरात उठतो. ‘दिसत नाही, पण लपलेलं असू शकतं’ हे त्याच श्वासात सांगायला हवं.

६. सहीपूर्वी

मुलांच्या ल्युकेमियाचे बरेच उपचार ट्रायलचा भाग म्हणून दिले जातात. कागद स्पॅनिशमध्ये असला तरी तो आदल्या दिवशी द्या. चार गोष्टी तोंडी स्पष्ट व्हायला हव्यात: नकार दिला तरी नेहमीचा उपचार मिळणारच, कधीही बाहेर पडता येतं, कोणता उपचार मिळेल हे डॉक्टर निवडत नाहीत, ते नाणेफेकीसारखं ठरतं, आणि दोन्ही बाजूंना चांगल्यात चांगला माहीत असलेला उपचार आहेच. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड जाते. डॉक्टरांनाच माहीत नाही कोणतं चांगलं, यावर पालकांचा विश्वास बसत नाही. त्यावर घाई करू नका.

७. घरच्या गोळ्या

शेवटच्या लांब टप्प्यात मूल घरी असतं आणि मर्कॅप्टोप्युरिन या ल्युकेमियाच्या औषधाची गोळी रोज घ्यायची असते. डॉ. स्मिता भाटिया आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हिस्पॅनिक आणि गोऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या गेल्या तर कॅन्सर उलटण्याचा धोका वाढलेला त्यात दिसला. महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या दोन राहिल्या की आपण त्या रेषेखाली गेलो. ही गणितं आईला करून दाखवा. तिला ती आकड्यांत कळतात. कळत नाहीत असं मानणं हा आपला उद्धटपणा आहे.

‘रोज देता ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘सी’. ‘सगळ्यांच्याच घरी एखादी गोळी राहते. गेल्या आठवड्यात किती राहिल्या?’ असं विचारलं तर खरा आकडा येतो, आणि त्यामागचं कारणही: आई रात्रपाळीला जाते, गोळी मोठा भाऊ देतो.

पातळ औषध चमच्याने नको. ‘कुचारादिता’ म्हणजे छोटा चमचा आणि ‘कुचारादा’ म्हणजे मोठा, ५ मिली आणि १५ मिली. ओळखीचा एकच शब्द चुकला की मात्रा तिप्पट. सिरिंज द्या आणि ती कुठवर भरायची तिथे रंगीत पट्टी चिकटवा.

८. रात्री दोन वाजता ताप आला तर

फ्रिजवर लावायचा हा कागद पहिल्या आठवड्यातच तयार करा.

ताप किती असला की फोन करायचा, तो आकडा तुमच्या रुग्णालयाकडून घ्या आणि दोन्ही मापांत लिहा. बहुतेक ठिकाणी १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, याच्या आसपास असतो. घरच्यांना सेल्सिअसची सवय असते आणि इथला थर्मामीटर फॅरनहाइट दाखवतो. तापाला घरात ‘कालेंतुरा’ म्हणतात, ‘फिएब्रे’ नव्हे, म्हणून कागदावर दोन्ही शब्द लिहा. खाली ठळक अक्षरांत: फोन करण्याआधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, थर्मामीटर गुदद्वारातून लावायचा नाही, सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना, पालकांच्या भाषेत ‘देफेन्सास बाहास’ असताना, ताप ही तातडीची गोष्ट आहे.

रुग्णालयाचा रात्रीचा फोन इंग्रजीत उचलला जातो. आई गोंधळून ठेवून देते. म्हणून हे वाक्य पाठ हवं: ‘माय चाइल्ड हॅज कॅन्सर. फीवर. स्पॅनिश इंटरप्रिटर, प्लीज.’ त्यानंतर मुलाचं नाव, जन्मतारीख. दिवसा एकदा खरंच तो नंबर लावून बघा. मी प्रत्येक कुटुंबाला हा सराव सुचवते. पहिल्यांदा हात थरथरतो, रात्री मग थरथरत नाही.

९. काढा, पावडर आणि नवस

‘घरी आणखी काय काय देता?’ हा प्रश्न न रागावता विचारा. तुम्ही मराठी डॉक्टर असाल तर तुमच्याकडे इथल्या गोऱ्या सहकाऱ्यांकडे नसलेलं एक साधन आहे: ‘माझी आजीही हळदीचा काढा द्यायची.’ एवढं म्हणा आणि बघा, पिशवीतून पुड्या बाहेर येतात. कॅमोमाइलचा साधा चहा असेल तर बहुधा अडचण नसते, पण तोही फार्मासिस्टला दाखवा. पोट धरण्याला ‘एम्पाचो’ म्हणतात आणि त्यावर ‘ग्रेता’ किंवा ‘आसार्कोन’ नावाची पिवळी-केशरी पावडर देतात. त्यात शिसं असतं, भरपूर. ती तिथल्या तिथे बंद करायला सांगा, आणि मुलाच्या रक्तातलं शिसं तपासा.

‘प्रिमेरो दिओस’, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, हे ऐकून ‘यांनी हात टेकले’ अशी नोंद करू नका. तीच आई पहाटे चारला उठून दोन बस बदलून येते. ‘मांदा’ म्हणजे तर आपला नवसच. तो फेडायला टेक्सासमधल्या सान हुआनच्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, किंवा ग्वादालूपेच्या मातेच्या, म्हणजे मेरीच्या, १२ डिसेंबरच्या सणाला जायचं असतं. ‘जाऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘कधी जायचंय? त्याआधी पेशी बघू’ म्हणा.

१०. मुलाला काय सांगायचं

‘त्याला सांगू नका’ असं पालक म्हणतात, आणि त्यामागे फक्त माया असते. पण आठ-दहा वर्षांचं इथे वाढलेलं मूल आईपेक्षा चांगलं इंग्रजी जाणतं. सकाळच्या फेरीत डॉक्टर पलंगाशेजारी उभे राहून आपसांत बोलतात, ते त्याला सगळं कळतं. आईलाच कळत नाही. मग मूल आईला जपायला गप्प बसतं आणि आई मुलाला जपायला. आधी पलंगाशेजारचं इंग्रजी बोलणं थांबवा. मग आईवडिलांना विचारा, ‘त्याने मला थेट विचारलं तर मी खोटं बोलू शकणार नाही. कोणत्या शब्दांत सांगूया?’ शब्द त्यांना निवडू द्या.

११. बिनसलं तर, आणि संपलं तर

दुभाषी नाकारला, चुकीचा कागद सहीला आला, तर प्रथम रुग्णालयाच्या पेशंट ॲडव्होकेटकडे, म्हणजे रुग्णांच्या तक्रारी बघणाऱ्या माणसाकडे, जायचं. तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यातल्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे, म्हणजे नागरी हक्कांच्या कार्यालयाकडे, १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते, स्पॅनिशमध्येही. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायला सांगा.

उपचार संपले की घंटा वाजवतात, फोटो काढतात. त्या गर्दीत एक कागद मागायचा राहून जातो: उपचाराचा सारांश. कोणती औषधं, त्यांची मूळ नावं, डॉक्सोरुबिसिनसारख्या, हृदयावर परिणाम करू शकणाऱ्या औषधाची एकूण मात्रा, किरणोपचार दिले असतील तर कुठे आणि किती, पुढे हृदयाची तपासणी कधी. तो स्पॅनिशमध्येही मागा, कारण कुटुंब उद्या मेक्सिकोत मोन्तेर्रेला परत जाऊ शकतं. मुलाची दोन्ही आडनावं, आधी वडिलांचं, मग आईचं, जन्मदाखल्याप्रमाणे छापली आहेत ना, ते घंटेजवळ उभं असतानाच तपासा. एका फाइलवर एक आडनाव आणि दुसऱ्या फाइलवर दुसरं असेल, तर दहा वर्षांनी त्या दोन फाइली कोणी जोडणार नाही.